काळ्या मातीवर दोन खोल्यांचं घर

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना प्रधानमंत्री आवास योजनेतलं अनुदान मंजूर झालं, तेव्हा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या इंदूरला रामबागेत माझ्याकडे आल्या. "काकू, घर कसं बांधायचं ते तुम्हीच सांगा. हे पैसे संपले तर पुन्हा मिळायचे नाहीत." पॉलिटेक्निकमध्ये मी ३१ वर्षं एस्टिमेट-कॉस्टिंग शिकवलं. इतका खरा प्रश्न त्या ३१ वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारला नव्हता.

जागा १५ बाय ३० फूट, जमिनीचा पट्टा म्हणजे हक्काचा कागद त्यांच्या नावावर. वर पत्रा, खाली सारवलेली जमीन, मागच्या कोपऱ्यात जुनी साडी बांधून केलेली मोरी. मुलगी अकरावीत. उजाडलं की मागच्या गल्लीतून माणसांची ये-जा सुरू व्हायची, म्हणून ती पहाटे ४ वाजता उठून आंघोळ उरकायची. घर कुणासाठी आणि कशासाठी बांधायचं, हे मला त्या साडीकडे पाहून कळलं.

त्या घराला आता तीन पावसाळे झाले. त्यानंतर वस्तीतल्या आणखी चार घरांच्या वेळी मी उभी राहिले. ज्यांना आपलं किंवा आपल्या घरी काम करणाऱ्या कुणाचं छोटं घर बांधायचं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. माझं धोरण एकच: पाया, छत आणि न्हाणी-संडास यांत पैसा कमी पडू द्यायचा नाही, प्लॅस्टर, टाइल्स, रंग, ग्रिलची नक्षी यांत वाचवायचा. आपल्याकडे बहुतेक घरं नेमकी उलटी बांधली जातात.

आधी कागदावर

अडीच लाखांत घर पूर्ण होत नाही. त्या वेळी केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळत होते, तेही हप्त्यांनी. प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेच्या खुणेसकट चढला की पुढचा हप्ता. म्हणून पाया, लिंटल (दार-खिडक्यांवरची आडवी तुळई), स्लॅब या प्रत्येक टप्प्याला लागणारं सामान आधीच लिहून ठेवा आणि एका हप्त्याइतकी रक्कम भिशीतून किंवा उसनी हाताशी ठेवा. हप्ता लांबला की काम थांबतं, मिस्त्री दुसरीकडे जातो आणि अर्धवट भिंती पावसात सापडतात.

वाढत जाणारं घर इंदूरला नवं नाही. आग्रा-मुंबई रस्त्याजवळची अरण्य वसाहत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी आखली, तिला १९९५ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. तिथे सर्वांत गरीब कुटुंबांना तयार घर दिलं नव्हतं. जोतं, संडास-न्हाणी-नळ यांचा एक कोपरा आणि एक खोली एवढंच दिलं. पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. दरवर्षी मी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन तिथे जायची. लोकांनी पुढे ओटले (दारापुढचे ओटे) काढले होते, बाहेरून जिने चढवले होते, वर खोल्या घातल्या होत्या. तिथून मी जे उचललं ते असं: जिना आणि संडासाचा उभा पाइप यांची जागा पहिल्याच दिवशी ठरवा. या दोन गोष्टी चुकल्या तर वरचा मजला चढवताना खालचं घर फोडावं लागतं.

ताईंच्या नकाशात पुढे ओटला, मग १० बाय १२ ची खोली, मागे स्वयंपाकघर, एका बाजूला न्हाणी आणि संडास वेगवेगळे, बाजूनं बाहेरून जिना आणि मागे ४ फुटांचं मोकळं अंगण. त्या वेळी योजनेत चटई क्षेत्राची, म्हणजे भिंती सोडून आतल्या जागेची, ३० चौरस मीटरची मर्यादा होती. अंगण कुणीही सहजासहजी सोडत नाही, ताईंचे यजमानही सोडत नव्हते. पण दोन्हीकडे शेजाऱ्यांच्या भिंती असताना हवा आरपार जायची तर ती पुढून मागेच जाणार. त्यांना मी उन्हाळ्याच्या दुपारी आमच्या घरी बोलावलं, मागचं दार आधी बंद ठेवलं आणि मग उघडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दोरी लावून अंगणाची हद्द आखत होते.

पाया: इथे घाई करू नका

माळव्याची काळी माती कपाशीला आणि गव्हाला जितकी चांगली, तितकीच घराला वाईट. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा राहिला की एका बाजूनं भिंत वर उचलली जाते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. ताईंच्या शेजारी नुकतंच बांधलेलं एक घर होतं. ठेकेदारानं अडीच फूट खणून काळ्या मातीतच पाया भरला होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या चिरेत माझं बोट जात होतं. वर पुट्टी आणि गुलाबी रंग अगदी नवा होता.

माती किती फुगते ते घरच्या घरी पाहता येतं. माती वाळवून कुटा, बारीक चाळणीनं चाळा. खुणा असलेल्या दोन उंच काचेच्या नळ्या घ्या, दोन्हींत १०-१० ग्रॅम माती घाला. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल, आणि चमच्यानं हलवून हवेचे बुडबुडे काढा. २४ तासांनी तळाशी बसलेल्या मातीची उंची पाहा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याच्या दुपटीवर गेली असेल तर ती जोरात फुगणारी समजा. ताईंची दुपटीच्या वर गेली होती. मी नळ्या त्यांच्या ओट्यावरच ठेवल्या होत्या. सगळी गल्ली येऊन पाहून गेली.

मग जागेवर एका कोपऱ्यात ३ बाय ३ फुटांचा खड्डा खणा आणि मुरूम लागेपर्यंत थांबू नका. आम्हाला साडेचार फूट काळी माती, त्याखाली थोडी पिवळसर आणि साडेपाच फुटांवर मुरूम लागला. पाया मुरमावरच टेकवायचा. खोलीचा अंदाज घेण्यासाठी शेजाऱ्यांना विचारू नका. एकाच गल्लीत दोन घरांमध्ये दोन फुटांचा फरक मी पाहिला आहे.

आमचा पाया असा झाला. चर मुरमापर्यंत खणला. तळाशी १:४:८ चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) काँक्रीट घातलं, त्यात नवी गिट्टी न वापरता पाडकामाच्या मलब्यातून काढलेली खडी वापरली. अशा साध्या भरावाच्या काँक्रीटमध्ये पूर्ण खडी मलब्याची घेतली तरी भारतीय मानक आड येत नाही. सळईच्या काँक्रीटमध्ये मात्र तिला कडक मर्यादा आहे, तिथे ही काटकसर करू नका. त्यावर काळ्या दगडाचं बांधकाम जोत्यापर्यंत नेलं आणि जोत्यावर चारही बाजूंनी सळईचा सलग पट्टा फिरवला. भूकंपाच्या वेळी आणि माती हलली तरी घराला एकत्र बांधून ठेवतो तो हाच पट्टा. मिस्त्री म्हणाला, "मैडम, एक मंज़िल के लिए बीम कौन डालता है?" मी त्याला शेजारची चीर दाखवली.

चर बुजवताना खणलेली काळी माती परत आत टाकू नका. हीच चूक सर्वांत जास्त होते, कारण ती माती तिथेच पडलेली असते आणि फुकट असते. मुरूम आणा, ६-६ इंचांचे थर द्या, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमस मारा. खोलीच्या आतलीही निदान २ फूट काळी माती काढून मुरूम भरा, नाहीतर भिंती जागेवर राहतील पण मधली फरशी फुगून वर येईल.

मुरूम १०-१२ फुटांवरही लागला नाही, तर दगडी पाया परवडत नाही. तिथे तळाला बल्बसारखा फुगा असलेले खांब लागतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं ही पद्धत काळ्या मातीसाठीच विकसित केली. फुगा साधारण साडेतीन मीटर खोल जातो, कारण तिथली ओल वर्षभर फारशी बदलत नाही. त्यावरची तुळई जमिनीला टेकू द्यायची नाही, खाली तीन इंचांहून थोडी जास्त फट ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला धक्का देणार नाही. हे काम इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नका.

शेवटी घराभोवती जिथे मोकळी जागा असेल तिथे ३ फूट रुंद, बाहेर उतरता पक्का पट्टा करा. पागोळीचं पाणी भिंतीच्या मुळाशी मुरायला नको. आणि भिंतीलगत पिंपळ, निलगिरी, अशोक काही लावू नका. झाडं एकाच बाजूची ओल शोषून घेतात.

भिंती

मातीच्या विटांचं घर करा, असं मला बरेच जण सुचवतात. दाबून केलेल्या मातीच्या विटा मला मनापासून आवडतात. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये त्यांची चांगली घरं उभी राहिली. पण त्यांना वाळूचा अंश असलेली मुरमाड माती लागते आणि ५ ते ८ टक्के सिमेंट. आपली काळी माती त्या यंत्रात घातली तर वीट वाळताना तडकते. शहरात बाहेरून माती आणून त्या करण्यात काही अर्थ नाही.

आम्ही राखेच्या विटा घेतल्या. आम्ही ज्या कारखान्यातून त्या आणल्या, तिथे खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजी औष्णिक वीज केंद्राची राख येत होती. या विटा भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे कोळसा जळत नाही आणि शेताची वरची माती जात नाही. पण डोळे मिटून ट्रॉली उतरवून घेऊ नका. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. छातीच्या उंचीवरून जमिनीवर टाका, तुकडे होता कामा नयेत. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडी वीट तोला, २४ तास बुडवून पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या वर गेली तर ट्रॉली परत पाठवा. ताईंनी एक परत पाठवली. ड्रायव्हर चिडला, पण दुसऱ्या दिवशी चांगला माल आला.

बांधणी रॅट ट्रॅप पद्धतीची केली. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती केरळमध्ये रुजवली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवतात, त्यामुळे ९ इंची भिंतीच्या पोटात पोकळी राहते. विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात, मसालाही वाचतो आणि आतली हवा ऊन अडवते. मिस्त्रीला येत नसेल तर पहिला थर मसाल्याशिवाय कोरडा मांडून दाखवा. तासाभरात हात बसतो. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा, लिंटलचा आणि स्लॅबखालचा शेवटचा थर मात्र भरीवच हवा. कोपऱ्यांतल्या आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या पोकळीत एकेक उभी सळई सोडून काँक्रीट भरा. विजेचे पाइप पोकळीतून जातात, भिंत फोडावी लागत नाही. विटा एका मापाच्या नसतील तर ही पद्धत वापरू नका, सांधे जुळत नाहीत.

बाहेरून प्लॅस्टर फक्त पश्चिमेला केलं, कारण आपल्याकडे पावसाचा झोडा तिकडून येतो आणि दुपारचं ऊनही. बाकी भिंतींचे सांधे नीट दाबून भरले. आतून चुन्याचे तीन हात. ताईंच्या जाऊबाई म्हणाल्या, "विटा दिसताहेत, घर अर्धवट वाटतं." वाचलेल्या पैशांत न्हाणीला पक्की फरशी आणि दार आलं, हे त्यांना नंतर ताईंनीच सांगितलं.

सिमेंट घेताना गोणीवर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) लिहिलेलं बघा. त्यात राख मिसळलेली असते, छोट्या घराला ते उत्तम. पण त्याला पाणी जास्त दिवस पाजावं लागतं, निदान १० दिवस. वाळूची तर मला खंत वाटते. आपण नर्मदेचंच पाणी पितो आणि तिचंच पात्र उपसून घरं बांधतो. काँक्रीटसाठी आणि विटांच्या बांधणीसाठी काळ्या दगडाची धुतलेली, क्रशरची वाळू चालते. आम्ही नदीची वाळू फक्त आतल्या थोड्या गिलाव्याला वापरली.

छत

कर्कवृत्त उज्जैनच्या थोडं उत्तरेकडून जातं. म्हणजे जूनमध्ये इंदुरात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि सगळा मारा छतावर होतो. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी थांबता येत नाही. ताईंच्या सासूबाई त्या दिवसांत देवळाच्या ओट्यावर जाऊन बसायच्या.

आम्ही फिलर स्लॅब घातला. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फक्त वजन वाढवतं, ताण सळ्याच घेतात. म्हणून सळ्यांच्या चौकटींमध्ये जुने कवेलू, म्हणजे मातीची कौलं, बसवतात. दोन कवेलू तोंडाला तोंड लावून ठेवले की मध्ये हवा राहते, काँक्रीट वाचतं आणि उष्णता खाली कमी उतरते. जुनी घरं पाडणाऱ्यांकडे कवेलू ढिगानं मिळतात. फुटके बाजूला काढा आणि बाकीचे रात्रभर पाण्यात भिजवा, नाहीतर ते काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतात. भिंतीलगतचा भाग भरीव ठेवा, तिथे कवेलू नको. सळ्यांची जाडी आणि अंतर इंजिनिअरकडूनच लिहून घ्या.

स्लॅबच्या दिवशी मी सकाळी ७ वाजता खुर्ची टाकून बसले आणि फक्त पाण्याच्या बादल्या मोजल्या. एका ५० किलोच्या गोणीला २५ लिटरच्या आसपास पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मसाला पसरायला सोपा जावा म्हणून मजूर पाणी वाढवत राहतात, आणि दर जास्तीच्या बादलीगणिक स्लॅबची ताकद कमी होते. यावरून त्या दिवशी माझे दोनदा खटके उडाले. सळ्यांखाली पाऊण इंची ठोकळेही विसरू नका. नाहीतर ४-५ वर्षांत सळई गंजून काँक्रीटचे पापुद्रे खाली पडतात. दुसऱ्या दिवशी वर मसाल्याची आळी करून पाणी साठवलं. ते १४ दिवस मोडू दिलं नाही आणि खालच्या बल्ल्या (टेकूची लाकडं)ही तेवढे दिवस काढू दिल्या नाहीत.

वर उतार देऊन फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवले. टाइल्सच्या दुकानाबाहेर ते पोत्यानं मिळतात. पांढरा रंग ऊन परतवतो आणि पाणीही अडतं. तेवढे पैसे नसतील तर दरवर्षी चैत्रात चुन्याचे दोन हात मारा. बादलीभर चुना आणि एक सकाळ, बस्स.

इंदूरच्याच कनाडिया भागात सरकारी प्रकल्पात कारखान्यात तयार केलेल्या पॅनेलची १,०२४ घरं झाली. मी जाऊन पाहून आले, काम झपाट्याचं. पण ती पद्धत बहुमजली इमारतींची. आपल्या एकट्या घराला क्रेन आणि वाहतूक परवडत नाही.

न्हाणी आणि संडास

इंजिनिअर हिमांशु पारिख यांनी इंदूरच्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून ड्रेनेजच्या वाहिन्या नेल्या. त्या कामाला १९९८ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. सार्वजनिक संडासाऐवजी प्रत्येक घरात आपला संडास, हा त्यामागचा विचार. ताईंच्या गल्लीत वाहिनी होती, जोडणी घ्यायची होती इतकंच.

न्हाणी आणि संडास वेगवेगळे करा. एकजण आत असला तरी दुसऱ्याची शाळा किंवा कामाची वेळ चुकत नाही. दार स्वयंपाकघराकडे उघडू नये. खिडकी ६ फुटांच्या वर, जाळीची. आतून भक्कम कडी, कपड्यांसाठी तीन खुंट्या, साबणाला कोनाडा, आत दिवा. पाळीच्या दिवसांत लागणारं सामान ठेवायला एक झाकणाचा कोनाडा ताईंच्या मुलीनं सांगितला; तो माझ्या नकाशात नव्हता. आता प्रत्येक घरात असतो.

पाइपाला दर ४० इंचांना १ इंच उतार द्या आणि वळणावर चेंबर ठेवा. फरशी बसवण्यापूर्वी पाइपाचं तोंड बंद करून पाणी भरा आणि रात्रभर पातळी उतरते का ते बघा. काळ्या मातीत गळका पाइप म्हणजे नुसती घाण नव्हे. तो पायाचा एकच कोपरा बाराही महिने ओला ठेवतो आणि घर तिथूनच तडकतं.

बाकीचं भराभर सांगते. खाली कोटा फरशी, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दाराच्या चौकटी पाडलेल्या वाड्यातल्या जुन्या सागवानाच्या, वाळवी नसल्याची खात्री करून. खिडक्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान सहाव्या हिश्शाएवढ्या, समोरासमोर, वर दीड फुटाचा छज्जा. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची बाजारच्या मापानं घेऊ नका. ताई ४ फूट १० इंच आहेत. त्यांना उभं करून कोपराच्या उंचीवरून माप घेतलं, ओटा ३० इंचांचा निघाला. जन्मभर दुसऱ्यांच्या उंच ओट्यांवर टाचा उचलून पोळ्या लाटल्या, आपल्या घरी तरी तसं नको, असं त्या म्हणाल्या.

घर झाल्यावरही दरवर्षी एक काम असतं. मृगाच्या आधी भोवतालचा पट्टा तपासा, फट दिसली तर मसाल्यानं भरा, छतावरचा पाइप साफ करा. भिंतीवर चीर दिसली तर तिच्यावर आडवी काचेची बारीक पट्टी प्लॅस्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर चीर अजून वाढते आहे, इंजिनिअरला बोलवा. नाही फुटली तर बुजवून टाका. शेजारच्या गुलाबी घरात लावलेली पट्टी मागच्या आषाढात तडकली, आता तिथे आम्ही बाहेरून पट्टा आणि मुरूम घालतो आहोत. ताईंच्या घरासाठी आणलेल्या दोन पट्ट्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या त्या झाकणाच्या कोनाड्यात ठेवल्या आहेत. अजून त्या लावायला चीर सापडलेली नाही.